मिठाच्या पाण्याचे पाच दिवस

मालोजी अमेरिकेहून इन्सुलिनचे दोन पंप घेऊन आला, तो पंचाऐंशी सालचा फेब्रुवारी. माझी अलका तेव्हा अठरा वर्षांची होती, देवासच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला. तिला आठव्या वर्षी मधुमेह झाला. म्हाताऱ्या माणसांना होतो तो नव्हे, पोरांना होतो तो. त्यात इन्सुलिन थांबलं की थोड्याच दिवसांत माणूस हातचं जातं. तेव्हापासून सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला मी तिला सुई टोचत आले. काचेची सिरिंज उकळायची, बाटलीतलं औषध ओढायचं, आज दंड तर उद्या मांडी. त्याआधी तिची लघवी परीक्षानळीत निळ्या औषधाबरोबर तापवून रंग बघायचा. हिरवा आला तर बरं. विटकरी आला की माझा अख्खा दिवस वाया.

आम्ही मूळचे कराडकडचे. अलकाचे वडील त्र्याहत्तर साली देवासच्या एका नव्या कारखान्यात फिटर म्हणून लागले. घरात, कारखान्यात, गल्लीत सगळे त्यांना भाऊच म्हणतात. त्यांची थोरली बहीण, म्हणजे आमच्या उमावन्सं, धारला दिलेल्या. त्यांच्या सासरची माणसं पूर्वी दरबारात होती, आता कोणी वकिली करतं, कोणी बँकेत आहे. मालोजी हा वन्संचा मुलगा. अमेरिकेत एका हॉस्पिटलात यंत्रं दुरुस्त करण्याच्या खात्यात होता.

तिथल्या डॉक्टरांना त्यानं मामेबहिणीची गोष्ट सांगितली होती. त्यांनी दोन तऱ्हेचे पंप त्याच्याबरोबर दिले. एक तिनं निवडून ठेवायचा, दुसरा परत न्यायचा. मालोजीची रजा तीन आठवड्यांची. तेवढ्यात काय ते ठरवायचं.

आमच्या जेवणाच्या टेबलावर त्यानं दोन्ही पंप मांडले. एक पांढरा, पत्त्यांच्या जोडाएवढा. त्यावर लाल आकडे उमटायचे. आत औषधाची इवलीशी टाकी, तिच्यातून बारीक नळी निघायची आणि नळीच्या टोकाची सुई पोटावर चिकटपट्टीनं बसवायची. दिवसभर थेंब थेंब औषध जात राहणार, आणि जेवताना बटण दाबून वाढवून घ्यायचं. दुसरा निळा, अर्ध्या विटेएवढा. त्याच्या पाठीवर अख्खी सिरिंज आडवी बसवलेली, बाहेरून दिसणारी. त्याला चार पेन्सिल सेल लागायचे. पांढरा विजेवर चार्ज करावा लागे.

अलकानं पांढरा उचलला आणि ओढणीखाली कमरेला लावून बघितला. "क्यों भिया, ये तो दिखता भी नहीं!" ती मालोजीला म्हणाली. शाळा-कॉलेज सगळं हिंदीतून, त्यामुळे आनंद झाला की तिच्या तोंडी हिंदीच यायची. निळ्याकडे तिनं बघितलंही नाही. "हा म्हणजे ट्रान्झिस्टर झाला. हा लावून कॉलेजला गेले तर पोरी बातम्या लावायला सांगतील."

भाऊंनी विचारलं, "रक्तातली साखर किती आहे, हे याला कसं कळतं?"

"कळत नाही, मामा," मालोजी म्हणाला. "आपण सांगू तेवढंच तो देतो. साखर बोटाच्या रक्तावरून आपण तपासायची. त्याच्या पट्ट्या मी आणल्यात."

माझी समजूत अशी, की एकदा हे यंत्र लावलं की सगळं तेच बघेल. पण दिवसाच्या दोन सुया तरी वाचतील, वाटेल त्या वेळी जेवता तरी येईल. माझ्या पोरीनं दहा वर्षं घड्याळ बघून घास घेतला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोन्ही पंप घेऊन इंदूरला तिच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पांढरा हातात घेऊन बराच वेळ उलटासुलटा केला. मग म्हणाले, "देखिए, मैंने ये चीज़ सिर्फ़ किताब में देखी है. पहले सात दिन सिर्फ़ नमक का पानी भरके लगाइए. इंजेक्शन वैसे ही चालू रहेंगे. फिर सात दिन दूसरा. उसके बाद बात करेंगे."

झालं. अलकाच्या पोटाला पांढरा पंप लागला, आत औषधांच्या दुकानातून आणलेलं सलाइन. वरून माझ्या दोन सुया चालूच. अमेरिकेची वीज वेगळी, म्हणून त्याच्या चार्जरसाठी भाऊंनी कारखान्यातून तारा आणून स्वतः एक ट्रान्सफॉर्मर गुंडाळला.

पहिला दिवस गेला, दुसरा गेला. पंपाची काही तक्रार नव्हती. टाकीवरच्या रेघा बघितल्या तर जेवढं जायला हवं तेवढंच पाणी गेलेलं. तिसऱ्या दिवशी अलका रडकुंडीला आली. "पोटात एक सुई, दंडात दोन. हे काय आहे? भाऊ, भरा ना औषध!"

भाऊ म्हणाले, "सात म्हणजे सात."

मला त्यांचा राग आला. मी म्हटलं, "अहो, पोरीचे हाल बघा. यंत्र धड चाललंय. मिठाचं पाणी घालून काय मिळणार आहे अजून?" त्यांनी टाकीवरच्या रेघा पुन्हा मोजल्या. ते असेच. कारखान्यात यंत्राचा एक बोल्ट ढिला असला तर पाळी संपली तरी घरी न येणारा माणूस.

पाचव्या दिवशी धारला बारसं होतं. मालोजीच्या धाकट्या बहिणीला मुलगा झाला होता. मी आणि अलका आदल्या दिवशीच वन्संकडे गेलो, भाऊ रात्रपाळी करून मागून येणार होते. निघताना मी एक गोष्ट केली. थर्मासात बर्फ भरला आणि त्यात इन्सुलिनची बाटली ठेवली. सुईपुरतं औषध तर बरोबर न्यावंच लागतं, पण मी नवी, भरलेली बाटली घेतली. अलकाला बसमध्ये सांगितलं, "बारशाच्या दिवशी सकाळी टाकीत औषध भरू. भाऊंना मी सांगेन नंतर." तिनं माझा हात घट्ट धरला. वाटेतलं सागौर गेलं तरी सोडला नाही.

सकाळी मी मालोजीला गाठलं. तो जरा घुटमळला, पण अलकाचा चेहरा बघून विरघळला. "ठीक आहे मामी. मला तरी कुठे काही गडबड दिसतेय? पण आत्ता नको. टाकी उकळून सुकवायला तासभर जाईल, आणि घरात एवढी माणसं. कालच भरलेलं पाणीही अजून बरंच आहे. आत्ता नेहमीचं इंजेक्शन द्या. संध्याकाळी सातच्या इंजेक्शनऐवजी औषध भरून पंप लावू."

मला वाईट वाटलं, पण संध्याकाळ काही लांब नव्हती. मी सुई दिली. अलका नवी आकाशी साडी नेसली, तिनं पंप निऱ्यांच्या वर खोचला आणि पाहुण्यांत मिसळली.

साडेबाराची वेळ असेल. बायका पाळण्याभोवती जमल्या होत्या, वन्संनी पाळणा म्हणायला सुरुवात केली होती. अलका माझ्याशेजारी उभी होती. ती हळूच म्हणाली, "आई, पोटाला कसंतरी होतंय. चुरचुरतंय."

"चिकटपट्टी ओढली गेली असेल."

"नाही. फुगल्यासारखं. आणि हा आवाज बघ."

मी कान दिला. पाळण्याच्या गाण्याखालून बारीक घर्रर्र येत होतं, माशी डबीत कोंडल्यासारखं. एरवी त्या पंपाचा आवाज यायचा तो मिनिटा-दोन मिनिटांनी एकदा, टिक असा. मी तिला आतल्या खोलीत नेलं, मालोजीला हाक मारली. त्यानं पंप हातात घेतला. लाल आकडे गेले होते. टाकी रिकामी होती. थेंब नव्हता आत, आणि मोटर फिरतच होती. मालोजीनं बटणं दाबली. थांबेना. शेवटी त्यानं नळीच ओढून काढली आणि पंप पलंगावर टाकला. तिथेही तो घर्रघर्र करत राहिला.

अलकाच्या पोटावर सुईच्या जागी सुपारीएवढं टेंगूळ आलं होतं. पांढरं, ताणलेलं.

"सगळं पाणी आत गेलं," ती म्हणाली, आणि हसली. "पाणीच तर होतं."

मालोजी हसला नाही. त्याचे ओठ पांढरे पडले होते. मी बघत होते, तो पलंगाच्या कडेला बसला आणि बोटांवर काहीतरी मोजायला लागला. मग थांबला.

"मामी," तो म्हणाला, "टाकी तीन मिलीची. तुमचं औषध मिलीला चाळीस युनिटचं. एकशेवीस."

अलकाला दिवसाला छत्तीस लागायचं. तीन दिवसांहून जास्त औषध एका वेळी, आणि तेही साधं, लगेच लागू पडणारं. एवढ्यावर माणूस घाबरंघुबरं व्हायलाही वेळ मिळत नाही. बेशुद्ध पडतं, आकडी येते, आणि संपतं.

बाहेर बायकांनी बाळाच्या कानात कुर्र केलं. सगळ्या एकदम हसल्या, टाळ्या वाजवल्या. कोणीतरी दाराशी येऊन म्हणालं, "चला ना, पेढा घ्या!" मी त्या बाईकडे नुसतं बघितलं. तिचं तोंड हलताना दिसत होतं. माझी पोर माझ्यासमोर उभी होती, आकाशी साडीत, केसांत अबोलीचा गजरा घालून, धडधाकट. आणि मला ती तशी दिसतच नव्हती.

मी स्वयंपाकघरात गेले. थर्मास फळीवर होता. मी तो उचलून पोटाशी धरला आणि भिंतीला टेकून उभी राहिले. वन्सं आल्या, "काय झालं गं?" म्हणाल्या. त्यांनी थर्मास घ्यायला हात पुढे केला, तर माझी बोटं सुटेनात. त्यांनी एकेक बोट उलगडलं.

आत अलकाला आता कापरं भरलं होतं. मालोजीनं घाईघाईनं पट्टीवर रक्त तपासलं, साखर ठीक होती. ती थंडीनं कापत नव्हती, साखर कमी होऊनही कापत नव्हती. तिला उशिरा कळलं होतं, एवढंच. "दादा, संध्याकाळी ना?" ती पुन्हापुन्हा विचारत होती. "संध्याकाळी भरणार होतो ना आपण?"

भाऊ चारच्या सुमारास आले. हातात बाळासाठी झबलं होतं. मी त्यांना परसात नेलं आणि सगळं सांगितलं. थर्मासचं, नव्या बाटलीचं, बसमध्ये अलकाला काय सांगितलं त्याचं. काही लपवलं नाही. ते ओरडतील असं मला वाटलं. खरं तर मला ते हवंच होतं.

ते धुण्याच्या दगडावर बसले. म्हणाले, "मी वाटेत इंदूरला उतरलो होतो."

"कशाला?"

"डॉक्टरांकडे. म्हटलं, पाच दिवस पंप बरोबर चाललाय, पोरगी रोज रडते. भरू का औषध? ते म्हणाले, ठीक है, भर दीजिए." त्यांनी झबल्याचा कागद उलगडला, पुन्हा गुंडाळला. "मी तुला तेच सांगायला येत होतो. आज रात्रीपासून भर म्हणून."

मग मला रडू फुटलं. अडवणारं कोणीच नव्हतं. मी नाही, मालोजी नाही, डॉक्टर नाहीत, आणि ज्यांच्या हट्टावर मी पाच दिवस चिडले होते तेही नाहीत.

देवासला परतल्यावर भाऊंच्या मनानं एकच घेतलं, की त्यांच्या ट्रान्सफॉर्मरनंच पंप बिघडवला. त्यांनी तो सोडवून तारेचे वेढे मोजले, पुन्हा गुंडाळला, तीनदा. मालोजी धारहून आला तो भाऊंच्या समोर बसायला तयार नव्हता. "दोन्ही परत नेतो, मामा," तो म्हणाला. "मी आणायलाच नको होते." त्याच्या रजेचे अकरा दिवस उरले होते.

अलका कॉलेजला जायची, यायची, सुई घ्यायची. पोटावरचं टेंगूळ दोन दिवसांत जिरलं. चौथ्या दिवशी रविवार होता. दुपारची जेवणं झाल्यावर तिनं कपाटातून निळा पंप काढला आणि टेबलावर ठेवला.

"दादा, हा बिघडला तर किती औषध जाईल?"

"सिरिंजमध्ये असेल तेवढं सगळं."

"म्हणजे सिरिंजमध्ये किती भरायचं, ते माझ्या हातात आहे."

मालोजीनं मान वर केली. ती पुढे म्हणाली, "मी पूर्ण भरणारच नाही. सकाळी बारा-पंधरा युनिट, संध्याकाळी पुन्हा तेवढंच. सगळं एकदम गेलं तरी ग्लासभर साखरेचं पाणी पिऊन मी तग धरेन. आणि याची सिरिंज बाहेरून दिसते. किती उरलंय ते बघायला आकडे नकोत."

भाऊंनी पंप ओढून घेतला. "विजेचंही झंझट नाही याला," ते स्वतःशीच म्हणाले.

"नको," मी म्हटलं. "अजिबात नको. सुई बरी. सुई माझ्या हातात असते. यंत्रासारखी वेड्यागत चालत सुटत नाही."

अलका माझ्याकडे वळली. आवाज चढवला नाही तिनं. "आई, मी सातवीत असताना शाळेत प्रार्थनेला पडले होते. आठवतं?"

एकोणऐंशी सालची गोष्ट. दुकानात चाळीस युनिटची बाटली नव्हती, दुकानदारानं ऐंशीची दिली. दुप्पट कडक औषध. मी बघितलं नाही आणि नेहमीच्या रेघेपर्यंत ओढलं. शाळेत तिला आकडी आली. बाईंनी हिरड्यांना गूळ चोळला म्हणून वाचली. घरी आल्यावर बाटलीवरचा आकडा मला दिसला. मी ती बाटली कागदात गुंडाळून फेकून दिली आणि भाऊंना सांगितलं, पोरगी सकाळी न खाताच गेली. भाऊ तिला खूप रागावले होते.

"मी त्या दिवशी दोन पोळ्या खाल्ल्या होत्या," अलका म्हणाली. "आणि बाटलीवर ऐंशी लिहिलेलं मी वाचलं होतं. तुझ्या हातात होती तेव्हाच. मला वाटलं, तुला माहीत असेल."

सहा वर्षं. सहा वर्षं ती माझ्यापुढे रोज दोनदा दंड धरत होती, आणि हे तिला माहीत होतं.

भाऊ माझ्याकडे बघत होते. मी होकारार्थी मान हलवली. ते उठले आणि त्यांनी अलकाच्या डोक्यावर हात ठेवला.

"मी तुला बोल लावत नाहीये," अलका म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "हातही चुकतो, यंत्रही चुकतं. मला फक्त एवढं हवंय, की चुकलं तरी मी मरू नये. तेवढी तजवीज या निळ्यात मला करता येते. पांढऱ्यात येत नव्हती, त्याची टाकी पूर्णच भरावी लागायची."

मी निळा पंप भाऊंच्या पुढून उचलून तिच्यापुढे ठेवला.

भाऊंनी दुसऱ्या दिवशी कारखान्यातून रेघा आखलेली काचेची बारीक नळी आणली. निळ्या पंपात रंगाचं पाणी भरून तो टेबलावर चालू केला. आठ दिवस तो चालला. दर तासाला कोणीतरी वहीत लिहायचं, नळीत किती पाणी आलं. मालोजीनं पंप थंडीत ठेवून बघितला, उन्हात ठेवला, हलवला, सेल अर्धे संपलेले घालून बघितले. मग इंदूरच्या डॉक्टरांना वही दाखवली. त्यांनी पानन् पान उलटलं. चष्मा काढून ते अलकाला म्हणाले, "उस दिन मैंने जल्दी कर दी थी, बेटी." मोठ्या डॉक्टरानं असं म्हणावं, हे मी पहिल्यांदा ऐकलं. मग त्यांनी विचारलं, "आधा ही भरोगी, पक्का?" ती म्हणाली, "पक्का."

मालोजी जायच्या आदल्या दिवशी सकाळी नऊ वाजता अलकानं निळ्या पंपात स्वतःच्या हातानं इन्सुलिन भरलं. पंधरा युनिट. मी साखरेचा डबा मांडीवर घेऊन तिच्यासमोर बसले. दर अर्ध्या तासानं बोटाचं रक्त. दुपारी तिला प्रॅक्टिकल होतं. मी म्हटलं आज नको जाऊस, तर म्हणाली, मग लावला कशाला? भाऊ त्या दिवशी कामावर गेले नाहीत. सायकल घेऊन कॉलेजच्या फाटकासमोर पानवाल्याकडे तीन तास उभे होते, ते मला पानवाल्याच्या बायकोकडून कळलं.

पंप काही जादूचा नव्हता. मे महिन्यात नळी तुंबली आणि तिला ओकाऱ्या लागल्या, एक दिवस दवाखान्यात काढावा लागला. पोटावर डाग पडले. मैत्रिणी खरंच विचारायच्या, रेडिओ आहे का. पण विटकरी रंग मी क्वचितच बघितला त्यानंतर.

जूनमध्ये मालोजीचं पत्र आलं. लांबलचक मराठी पत्र, त्याच्या आईला लिहितो तसं. अलकाला मराठी बोलायला येतं, वाचायला जड जातं, म्हणून मीच मोठ्यानं वाचत होते. पांढरा पंप त्यानं तिकडे परत दिला होता आणि घडलेलं सगळं लिहून दिलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी तसलेच अकरा पंप माणसांच्या अंगावरून काढून घेतले आणि टेबलावर चालवून बघितले. भाऊ कान देऊन ऐकत होते. पुढची ओळ आली आणि मी थांबले.

"वाच ना," अलका म्हणाली.

तिनं कागद माझ्या हातातून घेतला आणि बोट ठेवून, अडखळत, एकेक शब्द लावत वाचलं: "मामा, तुमच्या ट्रान्सफॉर्मरचा काही दोष नव्हता. अकरांतले दोन तसेच सुटले. ते लावणाऱ्या दोघीही शाळेत जाणाऱ्या मुली आहेत. बऱ्या आहेत."

भाऊंनी ते शेवटचे दोन शब्द तिला पुन्हा वाचायला लावले.